पाट हलवणारे आबा

भिकूआबा कुणाच्याही घरी गेले की जेवायला बसण्यापूर्वी यजमानाला पाटावरून उठवत. ताटं वाढलेली असोत, भातावर वरण पडलेलं असो, आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून आधी सगळ्या पाटांवरून नजर फिरवत आणि म्हणत, "धनी, जरा उठा. तुमच्या जागी म्हातारीला बसू द्या." धनी चक्रावून उठे. म्हातारी बसे. मग सुनेला म्हातारीच्या जागी, थोरल्याला दाराशी, धाकट्याला चुलीपाशी, अशी सगळ्यांची हलवाहलव होई आणि शेवटी जो पाट उरेल त्यावर आबा स्वतः बसून पोटभर जेवत.

हा विक्षिप्तपणा नव्हता असं मी म्हणणार नाही. होताच. पण लोक त्यांना बोलावत ते त्यासाठीच. वराळ्यापासून लोणावळ्यापर्यंत ज्या घरात माणसामाणसांत बिनसलं असेल आणि ज्यांना कोर्टकचेरी किंवा वाटणी नको असेल, ते आबांना निरोप धाडत. आबा रविवारी येत. फी म्हणाल तर एक जेवण. तेही साधं लागे. गोडधोड केलं तर म्हणत, "सणाचं जेवण घातलंत तर मला तुमचं रोजचं घर कसं दिसंल?"

आबा मूळचे वराळ्याचे शेतकरी, आणि त्याहून जास्त बैलांची जोड लावून देणारे. तळेगावच्या बाजारात कुणी नवा बैल घेतला की तो घरच्या जुन्या बैलाबरोबर चालेल की नाही, कुणाला डावीकडे जुंपायचं आणि कुणाला उजवीकडे, हे सांगायला आबा लागत. डाव्या बाजूची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर तो मान टाकतो, शेजाऱ्याला ढुशा देतो, चिखलणीत मध्येच बसकण मारतो, आणि मालक त्याला आडमुठा ठरवून विकून टाकतो. आबांचं म्हणणं असं की त्यांनी असे कितीतरी आडमुठे बैल नुसती बाजू बदलून शहाणे केले होते. पुढे कधीतरी एका बैलाच्या मालकाच्या घरात सासू-सून भांडताना त्यांनी पाहिल्या आणि तिथून हा माणसांचा धंदा सुरू झाला.

भांडणात खरं कोणाचं आणि खोटं कोणाचं, हे ते कधीच ऐकून घेत नसत. कुणी सांगायला लागलं की हात वर करत. "खरं-खोटं कोर्टात. हितं फकस्त कोण कुटं बसतंय तेवढं बघायचं." त्यांची आणखी एक सवय म्हणजे घरात शिरण्याआधी दारातल्या चपला पाहणं. कुणाच्या चपला कुणाच्या शेजारी आहेत, कुणाच्या लांब कोपऱ्यात आहेत, कुणाच्या वाटेत पसरल्या आहेत, यावरून निम्मं घर कळतं, असं ते म्हणत. त्यांच्या स्वतःच्या वहाणा मात्र ते अंगणातच काढत. कारण विचारलं तर म्हणत, पाव्हण्याच्या वहाणांनी हिशेब चुकतो.

मी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिणारा माणूस आहे. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट मी एका रकान्यात मांडत नाही. म्हणून आबांच्या दोन ऐकीव गोष्टी आधी सांगतो. पुढचं सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

पहिली गोष्ट लोहगडवाडीची. तिथे एक म्हातारा-म्हातारी गडावर येणाऱ्यांना ताक विकत. दोघं एकमेकांशी बोलत नसत. का, ते दोघंही विसरले होते. पण काम अडायचं नाही, कारण मधे कुत्रा होता. म्हातारा कुत्र्याला म्हणायचा, "मोत्या, भाकर वाढ म्हणावं." म्हातारी म्हणायची, "मोत्या, आधी लाकडं फोड म्हणावं." मोत्या शेपूट हलवायचा आणि निरोप पोचायचा. त्यांच्या मुलाने आबांना नेलं. आबा जेवले, पाट हलवून उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि निघताना त्यांनी मोत्याला दोरी बांधून आपल्याबरोबर वराळ्याला नेलं. म्हातारा-म्हातारी पहिले काही दिवस मुकीच राहिली. मग एका सकाळी म्हातारी चुलीपुढे बसून म्हणाली, "कुत्रं कधी आणणार?" म्हातारा म्हणाला, "मला काय इचारती, तुझ्याच पोरानं आणला त्यो बाबा." तिथून त्यांचं जे बोलणं सुरू झालं ते नंतर शेजाऱ्यांना नकोसं झालं म्हणतात. कुत्रा परत द्यायला मात्र आबांनी फार दिवस लावले.

दुसरी गोष्ट फसलेली आहे आणि ती आबा स्वतःच जास्त रंगवून सांगत. सुदुंबऱ्याला दोन भाऊ एकाच ओसरीवर झोपत आणि रोज सकाळी उठून भांडत. आबांनी थोरल्याला आत झोपवलं आणि धाकट्याला गोठ्यालगतच्या खोलीत. भाऊ सुधारले. पण गोठ्यातली म्हैस धाकट्याच्या घोरण्याने बिथरली आणि दूध देईना. शेवटी भावांना पुन्हा ओसरीवर आणावं लागलं. "भाऊ जमवलं, पण म्हशीला इचारायचं ऱ्हायलं," असं म्हणून आबा मांडीवर थाप मारून हसत.

आता माझ्या घराचं.

आमच्या घरी तेव्हा चार माणसं होती. मी, माझी आई, पत्नी कुसुम आणि पाचवीत जाणारी मुलगी सुधा. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास सुधाचं पोट दुखायला लागलं. रोज दिवेलागणीला, पानं घ्यायची वेळ झाली की ती पोट धरून कोपऱ्यात बसायची. जेवण निम्मं टाकायची. अंगाने उतरली, शाळा बुडायला लागली. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं, मग पांढरं दिलं. आईने ओवा, हिंग, एरंडेल सगळं करून पाहिलं. कुणीतरी दृष्ट काढून गेलं. मग मी तिला पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं आणि पोटात काहीही नाही असं सांगितलं.

ते डॉक्टर वयस्कर होते, भले होते. सुधाला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, घरात काही ताण आहे का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, परदेशात आता काही डॉक्टर अशा दुखण्यात एकट्या मुलाला तपासत नाहीत. अख्ख्या घराला समोर बसवतात. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाच्या बाजूचं, कोण कुणाच्या मधे पडतं, हे पाहतात आणि त्यात बदल करतात. मूल आपोआप बरं होतं म्हणे. मी विचारलं, असा डॉक्टर पुण्यात कुठे भेटेल. ते म्हणाले, माझ्या तरी माहितीत नाही. तुम्हीच तुमच्या बाजूला चौकशी करून पाहा.

लोणावळ्यात अशी चौकशी कुठे करायची, हा प्रश्नच होता. दरम्यान साताऱ्याहून सुधाच्या मामांचं पत्र आलं, की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बरं वाटलं नाही तर तिला आमच्याकडे पाठवा, वर्षभर इथेच शाळेत घालू, हवापालट होईल. लोक हवापालटाला मुंबईहून लोणावळ्यात येतात आणि आमच्या मुलीला लोणावळ्यातून हवापालटाला बाहेर पाठवायची वेळ आली. कुसुमने पत्र वाचलं आणि डब्यामागे ठेवून दिलं. पण नकार द्यायला कुणाकडेच दुसरा उपाय नव्हता.

वखारीत लाकूड घेऊन येणारा लक्ष्मण गाडीवान वराळ्याचा. त्याच्याजवळ सहज बोललो. डॉक्टरांनी सांगितलं ते मी त्याला जमेल तसं समजावलं. तो जू खाली ठेवून म्हणाला, "मंजे आमचं भिकूआबा की. त्ये हेच करत्यात." आणि त्याने मला वरच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या, म्हशीसकट.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा कुसुम म्हणाली, "बैलांचा माणूस? आम्ही काय बैल आहोत?" आई सुधाकडे वळली आणि म्हणाली, "सुधे, तुझ्या आईला सांग, पोरीसाठी कुणीही आलं तरी चालेल." कुसुम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. सुधा तिच्याकडे जाऊन म्हणाली, "आई, आजी म्हणते तुझं बरोबर आहे, पण एकदा बघू या."

मी हे ऐकलं आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात असंच चाले. दोन वर्षांपूर्वी कुसुमने रॉकेलचा स्टोव्ह आणला. आईची चूल तिथेच होती. आईला वाटलं, आपला स्वयंपाक आता घराला नको झाला. कुसुमला वाटलं, आपण सोय केली तर तोंडं वाकडी. तेव्हापासून दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. भांडण कधी झालं नाही. आवाज कधी चढला नाही. म्हणूनच तर मी डॉक्टरांना ताण नाही असं सांगितलं होतं.

आबा आले. तांबडं पागोटं, गुडघ्यापर्यंत धोतर, मिशा पांढऱ्या आणि एक बाजू जरा जास्त वाढलेली. वहाणा अंगणात काढल्या आणि दारातल्या चपलांपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. आईच्या आणि कुसुमच्या चपला दोन टोकांना होत्या. सुधाच्या बरोबर मध्ये. आबा "हूं" म्हणाले आणि आत आले.

कुसुमने तोच बैलांचा प्रश्न त्यांना तोंडावर विचारला. आबा शांतपणे म्हणाले, "सूनबाई, बैल असता तर एका दिसात जमवलं असतं. तुमी माणसं. तुमाला दोन-तीन रविवार लागतील."

आमच्याकडे मी आधी जेवत असे, सुधा बरोबर, मग आई, शेवटी कुसुम. आबांनी सगळ्यांना एकदम बसायला लावलं. कुसुम म्हणाली, मग वाढणार कोण? आबा म्हणाले, "भांडी मधी ठेवा. ज्याची भूक त्यानं मागायचं." पण नेहमीचा रिवाज सोडून पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला हलवलं नाही. आपापल्या नेहमीच्या जागी बसा म्हणाले. मी खिडकीशी, माझ्यापुढे पेपर. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कुसुम, मध्ये सुधा.

आबा भाकरी कुस्करत होते आणि बघत होते. आई म्हणाली, "सुधे, सांग तुझ्या आईला, भाजीत तेल ओतलंय." सुधा म्हणाली, "आई, भाजी चांगली झालीय, पण आजीला जरा कमी तेल चालतं." कुसुम म्हणाली, "सांग आजीला, उद्यापासून चुलीवर स्वतःच करा म्हणावं." सुधा आजीकडे वळली. "आजी, आई म्हणते, तुझ्या हातची भाजी उद्या खाऊ या." आणि मग तिने ताट बाजूला सारलं आणि पोट धरलं.

आबांनी घास खाली ठेवला. मला म्हणाले, "हिशेबनीस, बघितलंत? पोरगी निरोप नेत न्हाई. निरोप धुऊन नेती. दोन घरांची धुणी एकट्या पोरीच्या अंगावर, पोट दुखणार न्हाई तर काय व्हईल?"

आई आपल्या ताटाकडे बघत होती. मी पेपरची घडी करून मांडीखाली घातली.

पुढच्या रविवारी पाट हलले. सुधाला मधून उचलून खिडकीशी माझ्याजवळ बसवलं. आई आणि कुसुम शेजारी शेजारी. आमटीचा डाव आईच्या पुढ्यात, मिठाची वाटी कुसुमच्या पुढ्यात. आबांनी सुधाला सांगितलं, "पोरी, तुजं टपाल आजपासून बंद. कुणी काय सांग म्हनलं तर तू जेवायचं. ज्याचं बोलणं त्याच्या तोंडानं." आणि मला म्हणाले, "पेपर भाईर ठेवा. पोरीशी बोला."

मी सुधाशी काय बोलावं या विचारात पडलो. शेवटी तिला तेराचा पाढा विचारला. आबांनी कपाळाला हात लावला.

त्या दिवशी आईने भाजीत मीठ कमी असताना अख्खं जेवण तसंच संपवलं, पण कुसुमकडे मीठ मागितलं नाही. कुसुमनेही कोरडा भात खाल्ला, आईकडे आमटी मागितली नाही. आबा मात्र दोन्हीकडून मागून घेत जेवले आणि ढेकर देऊन निघून गेले. सुधाचं पोट त्या दिवशी दुखलं. पुढच्या आठवड्यातही दुखत राहिलं. मामांना होकाराचं पत्र लिहायला मी कार्ड आणून ठेवलं.

तिसऱ्या रविवारी आई बसल्या बसल्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "मीठ इकडे आलं असतं तर बरं झालं असतं."

आबा म्हणाले, "भिंतीला हात न्हाईत, आक्का."

आईचा चेहरा लाल झाला. तिने कुसुमकडे न बघता म्हटलं, "मीठ दे."

कुसुमने वाटी उचलली आणि दिली नाही. हातातच धरून म्हणाली, "दोन वर्षांत पहिलं बोललात, तेही मिठासाठी."

"मग कशासाठी बोलू? स्टोव्ह आणताना विचारलं होतंस मला?"

"धुराने तुमचे डोळे गळत होते म्हणून आणला मी तो. माझ्यासाठी नाही आणला."

"मग तसं सांगायचंस."

"कुणाला सांगू? तुम्ही चुलीकडे तोंड करून बसलात ते आजतागायत."

आवाज चढले. आमच्या घरात असे आवाज मी कधी ऐकले नव्हते. मी उठायला लागलो तेव्हा आबांनी माझं मनगट धरून खाली बसवलं. "बसा. जोड चालाय लागली. आता मधी कुणी शिरायचं न्हाई." सुधाने पोट धरलं होतं आणि ती उठून त्या दोघींकडे निघाली होती. आई बोलायची थांबली, तिच्याकडे वळली. आबा म्हणाले, "आक्का, तुमी भांडा. पोरीला तिचा बाप हाय." आणि मला म्हणाले, "न्या हिला भाईर."

मी सुधाला ओटीवर नेलं. आत भांडण चालू होतं. स्टोव्ह, चूल, दिवाळीचं लुगडं, कुसुमच्या माहेरचा फराळ, सगळं निघत होतं. मी सुधाच्या पाठीवर हात ठेवून बसलो. पाढा विचारला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, त्या दोघींना बोलता येतं की."

मी म्हणालो, "येतं असं दिसतंय."

थोडा वेळ ती कान देऊन ऐकत राहिली. आत आई रडत होती आणि कुसुमही रडत होती आणि दोघी रडता रडता स्टोव्हची वात कुणी बिघडवली यावर बोलत होत्या. सुधा म्हणाली, "मला भूक लागलीय. माझं ताट इकडे आणाल?"

मी आत गेलो तेव्हा त्या गलक्यात आबा एकटेच शांतपणे ताक पीत होते.

यानंतर दुखणं एकदम गेलं असं नाही. पण दिवाळीपर्यंत ते आठवड्यातून एखाद्या वेळी यायला लागलं आणि पुढे तेही थांबलं. मामांना मी त्याच कार्डावर लिहिलं की सुधा इथेच राहील. घरातला आवाज मात्र कायमचा वाढला. आई आणि कुसुम रोज भांडतात, थेट भांडतात, आणि भांडून झालं की एकीच्या स्टोव्हवर दुसरी दूध तापवते. मी हिशेब करून पाहिला. आधीच्या शांततेपेक्षा हे स्वस्त पडतं.

आबा मात्र येईनासे झाले. आम्ही दोनदा निरोप पाठवला, सहज जेवायला या. लक्ष्मणकडून उत्तर आलं, भांडण असंल तर येतो. तिसऱ्या वेळी मी स्वतः वराळ्याला गेलो.

आबा ओसरीवर बसून भाकरी आणि कांदा खात होते. घर मोठं होतं. भिंतीला टेकवून पाटांची चळत ठेवली होती, वर धूळ होती. कुसुमने दिलेल्या करंज्या मी पुढे ठेवल्या आणि जेवायला का येत नाही ते विचारलं.

ते म्हणाले, "हिशेबनीस, मी तुमच्या आळीत दिसलो की लोक काय म्हनतील? हितं काय बिनसलं? तुमचं घर सुधारलं, मग मी यायचं न्हाई. मागल्या वर्साला पुतणीचं लगीन झालं. भावानं मला सांगितलं, आबा, अक्षता पडल्यावर ये. नवऱ्याकडचे तुला वळखत्यात, त्यांना शंका यील." हे सांगताना ते हसत होते. "बरोबर हाय त्याचं. वैदू दारात उभा ऱ्हायला की माणूस आजारी दिसतो."

मी त्यांच्या मुलाचं विचारलं. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात लागला होता, बिऱ्हाड तिकडेच. आबांची बायको गेल्यावर बाप-लेकात बोलणं राहिलं नव्हतं. मी म्हणालो, तुम्ही एवढी घरं बघता, तुमच्या घरात कुणी बसायचं कुठे ते तुम्हाला कळलं नाही? आबांनी कांदा फोडला. "जवा आपल्याच मानंवर जू असतं, तवा शेजारच्याचं तोंड दिसत न्हाई. मला लय उशिरा दिसलं." मग त्यांनी करंज्यांचा डबा झाकून ठेवला आणि मला ताक दिलं.

घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं. कुसुम आणि आई एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी शेजारी बसल्या होत्या, तिथेच बसायची सवय झाली होती. आई म्हणाली, "भांडण असेल तर येतो म्हणाले ना?" कुसुम म्हणाली, "मग करू या."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणबरोबर निरोप गेला की हिशेबनिसांच्या घरात पुन्हा बिनसलंय, ताबडतोब या. सुधाला यातलं काही सांगितलं नाही. आईचं म्हणणं पडलं की मुलीला हसू आवरणार नाही.

रविवारी आबा आले. चपला पाहिल्या. आई आणि कुसुमने त्या मुद्दाम दोन टोकांना ठेवल्या होत्या, पण घाईत आईने कुसुमच्या पायातली एक आणि स्वतःची एक अशी जोडी करून ठेवली होती. आबांनी ती जोडी बघितली आणि ते आत आले. त्यांनी हलवायच्या आधीच पाट चुकीचे मांडलेले होते, सुधाचा मधोमध. दोघींनी तोंडं फिरवून ठेवली होती. कुसुमला हसू येत होतं म्हणून ती पदराने तोंड पुसत होती.

जेवण सुरू झालं. आईने घसा साफ केला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "सुधे, सांग तुझ्या आईला, भात कच्चा आहे."

सुधा आमटी-भात कालवत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "आजी, आई इथेच बसलीय. तूच सांग." आणि घास तोंडात घातला. मग दुसरा घातला.

मी आबांकडे पाहिलं. ते सुधाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आपल्या ताटातला भात बोटांनी चेपून पाहिला. भात चांगला मऊ शिजला होता. त्यांनी तो कालवला, खाल्ला, डोळे पागोट्याच्या शेवाने पुसले आणि आणखी भात मागितला.

जेवण झाल्यावर ते ओटीवर सुपारी कातरत बसले. मी विचारलं, काय वाटतं?

"रोग लय जुना हाय, हिशेबनीस," ते म्हणाले. "एका फेऱ्यात जायाचा न्हाई. पुढल्या रविवारी यावं लागंल."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"त्या बी. चार-दोन वर्सं तरी."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई कुसुमला म्हणत होती, "रविवारी तांदूळ वाटीभर जास्त घालत जा."